रिकाम्या गाडीचं वजन

लासलगावच्या बाजारात कांद्याची गाडी दोनदा तोलतात. लिलावात भाव ठरला की भरलेली ट्रॉली भुईकाट्यावर चढते, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली होतो आणि मोकळी ट्रॉली पुन्हा काट्यावर येते. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की उरतो तो कांदा. लहानपणी सुट्टीत मी मामाच्या ट्रॅक्टरवर बसून तिथं जायचो, तेव्हा मला एकच काळजी असायची, की माझं वजन कांद्यात धरतील की काय. मामा म्हणायचा, "दोन्ही खेपेला बसून राहा, म्हंजे झालं." वजाबाकी मला गुरुजींच्या आधी त्या काट्यानं शिकवली.

पुढं मी नाशिकला गंगापूर रोडला स्थायिक झालो, वेबसाइट बनवायच्या धंद्याला लागलो आणि काटा विसरलो. आमच्या धंद्यात मोकळी गाडी तोलायची पद्धतच नाही.

तीन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा काढायचे दिवस. या दिवसांत चाळीत रोज थोडी सड होते, वजन घटतं, वास सुटतो, आणि शेतकऱ्याच्या डोक्यात रोज रात्री एकच गणित चालू असतं: उद्या गाडी भरायची का, आणि भरली तर लासलगावला न्यायची, विंचूरला की पिंपळगावला. क्विंटलमागं शंभर-दोनशेचा फरक पडला तरी ट्रॉलीमागं डिझेल निघून जातं. त्याच सुमारास मी शेतीमालाच्या एका कंपनीला बाजारभावाचं पान बनवून दिलं होतं. देखणं होतं. घरच्या सगळ्या ग्रुपवर मी त्याची लिंक टाकली होती, आणि अंगठे मोजले होते.

रात्री नऊला मामाचा फोन. "अरे, तुझं ते पान उघडंना."

मी जे सगळे सांगतात तेच सांगितलं. रेंज बघ. फोन बंद करून चालू कर. गुड मॉर्निंगचे फोटो उडव, जागा नसेल. मामानं सगळं ऐकून घेतलं. मग व्हॉट्सॲपवर कुणीतरी पुढं ढकललेला भावाचा फोटो पाहून त्यानं गाडी भरली. फोटो तीन दिवसांपूर्वीचा होता, तारीख कापलेली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं मला काही बोलून दाखवलं नाही. मामी बोलली.

रविवारी मी गावी गेलो आणि मुद्दाम रात्री नऊला मामाचा फोन हातात घेतला. रेंजच्या चार काड्या होत्या. पण त्या फोनवरचा दिवसाचा दीड जीबी डेटा माझ्या मामेभावानं संध्याकाळीच रील बघून संपवला होता. पॅक संपला की नेट बंद पडत नाही, ६४ केबीपीएसवर येतं. म्हणजे नळ असतो, धार नसते. मी माझं पान उघडलं. पांढरा पडदा, मधोमध फिरणारं गोल. मामीनं चहाचं आधण ठेवलं, चहा उकळला, गाळला, मी पिऊन कप खाली ठेवला, तरी गोल फिरतच होतं. सात मिनिटांनी पान आलं, आणि सगळ्यात वर, पडदाभर, काय आलं? कांद्याचा फोटो. ज्या माणसाच्या चाळीत दोनशे क्विंटल कांदा सडतोय त्याला मी सात मिनिटं थांबवून कांदा कसा दिसतो ते दाखवत होतो.

नाशिकला परत आल्यावर त्या पानाची गाडी मी पहिल्यांदा काट्यावर घातली. हे करायला काही लागत नाही, ब्राउझरमध्येच सोय असते, कोणती फाइल किती जड ते ओळीनं दिसतं. एकूण ३.४ एमबी. त्यात तो फोटो १.१ एमबी. दर तासाला न बदलणारा आलेख काढायला आणलेलं, आणि एकूणच पान 'आधुनिक' दिसावं म्हणून घातलेलं जावास्क्रिप्ट, म्हणजे वाचणाऱ्याच्या फोनमध्ये चालणारा कोड, १.२ एमबी. मराठी फाँट, चार जाडींचे, मिळून ६०० केबी. कोण आलं, कुठून आलं, किती वेळ थांबलं हे मोजणाऱ्या हेरांचे ४०० केबी. उरलेलं किडूकमिडूक. आणि प्रत्यक्ष भाव, म्हणजे सतरा बाजारांची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर? १.८ केबी. दोन टनांची गाडी आणि आत किलोभर कांदा. असली ट्रॉली मामानं काट्यावर आणली असती तर मापाऱ्यानं हसून हाकलून दिली असती.

बरं, उतरवून घेतल्यावर काम संपत नाही. जावास्क्रिप्ट फोनला वाचावं, समजून घ्यावं, चालवावं लागतं, आणि मामाच्या एक जीबी रॅमच्या फोनला ते माझ्या लॅपटॉपइतकं सोपं नसतं. मी ते पान ज्या मशीनवर बनवलं त्याची किंमत मामाच्या जुन्या ट्रॅक्टरच्या आसपास होती. ऑफिसात फायबर. तिथं ते पलक झपकायच्या आत उघडायचं, म्हणून मी ते बरोबर आहे असं समजत होतो.

निकलाउस विर्थ, पास्कल या भाषेचे जनक, यांनी १९९५ सालीच तक्रार करून ठेवली होती की यंत्रं जितक्या वेगानं जलद होतात त्याहून जास्त वेगानं सॉफ्टवेअर मंद होतंय. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे आपल्याकडे गाडी आली तेव्हाच तिच्या वजनाची ओरड सुरू झाली होती. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या चुलतभावाकडे मी १९९७ साली ते इंटरनेट पाहिलं होतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, एकही चित्र नाही. ब्राउझरचं नाव लिंक्स. कॅन्सस विद्यापीठात १९९२ साली लिहिलेला हा ब्राउझर फक्त मजकूर दाखवतो, आणि गंमत म्हणजे त्याची देखभाल आजही चालू आहे. मी माझं पान त्या लिंक्समध्ये उघडून पाहिलं. रिकामं. वर फक्त एक इंग्रजी वाक्य, की कृपया जावास्क्रिप्ट चालू करा.

इथं मला मराठीबद्दल थोडं बोलायचंय, कारण जडपणाचं खापर मी आधी तिच्यावरच फोडलं होतं. संगणकात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. 'कांदा' या शब्दात क, काना, अनुस्वार, द, काना अशी पाच चिन्हं, पंधरा बाइट. इंग्रजीतला कांदाही पाचच अक्षरांचा, पण पाच बाइटांत उरकतो. ही पद्धत १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत केन थॉम्पसन या संगणकतज्ज्ञानं रॉब पाइक या सहकाऱ्याच्या साक्षीनं टेबलावरच्या कागदी मॅटवर आखली, आणि तिथं लासलगावचा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही. तरी त्यांचे उपकार मानावेत, कारण त्याआधी प्रत्येक मराठी फाँटचा आपला वेगळा कारभार होता आणि एका ऑफिसची फाइल दुसऱ्या ऑफिसात उघडली की नुसती भुतावळ दिसायची. एसएमएसचंही तेच. इंग्रजीत १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०. मराठीत निरोप धाडणाऱ्याला तो निम्म्याहून लहान करावा लागतो, नाहीतर दोन एसएमएसचे पैसे.

पण खरा हिशोब केला तेव्हा खापर फुटेना. पान जिथून येतं तो संगणक, म्हणजे सर्व्हर, पाठवण्याआधी मजकूर दाबून लहान करतो. देवनागरीच्या त्या तीन बाइटांतला पहिला सगळीकडे तोच असतो आणि दुसरा दोनांपैकीच एक, त्यामुळे मराठी मजकूर छान दबतो. माझ्या पानावरचा सगळा मराठी मजकूर दाबून तीन केबीसुद्धा होईना. जड होते ते फाँट. जोडाक्षरांमुळे देवनागरीच्या फाँटला शेकडो आकार बाळगावे लागतात, आणि मी तसे चार बाळगले होते. का? तर कंपनीच्या ब्रँडचं अक्षर वळणदार हवं म्हणून. मामाच्या फोनमध्ये देवनागरी फाँट आधीपासून होताच. त्याच्याच घरी मी त्याला बाहेरून पाणी विकत आणून पाजत होतो.

मग मी काढायला घेतलं. आधी फोटो. मग हेर. फाँट काढताना पोटात कालवलं, कारण ते निवडण्यात एक आठवडा घातला होता. जावास्क्रिप्ट काढलं आणि साधा तक्ता सर्व्हरवरच बनवून पाठवायला लागलो, जसं विसाएक वर्षांपूर्वी सगळेच करायचे. भाव एसक्यूलाइटमध्ये. हा रिचर्ड हिपनं २००० साली लिहिलेला डेटाबेस. आख्खं इंजिन एका फोटोपेक्षा हलकं, जवळपास प्रत्येक फोनमध्ये आधीच बसलेलं, आणि त्यावर कुणाचाच हक्क नाही, लोकांना अर्पण केलेलं. पहिल्या रात्री २०० केबीवर आलो, दुसऱ्या रात्री ४०. तिथून खाली प्रत्येक केबी म्हणजे भांडण होतं, आणि पलीकडच्या बाजूला मीच.

थांबायचं कुठं, तर चौदा केबीला. या आकड्याला कारण आहे. फोन आणि सर्व्हरची ओळख झाली की सर्व्हर एकदम सगळं ओतत नाही. आधी साधारण दहा पाकिटं पाठवतो, तेवढी पोचल्याची पावती आली की पुढची. एका पाकिटात जेमतेम दीड केबी. म्हणजे पान चौदा केबीच्या आत बसलं तर पहिल्याच खेपेत पोचतं, पावतीसाठी थांबावं लागत नाही. चांगल्या नेटवर ही एक खेप वाचली काय, न वाचली काय. रेंज येते-जाते अशा ठिकाणी प्रत्येक खेप म्हणजे गाडी चुकायची एक संधी. माझं पान शेवटी ११ केबी झालं. मामाच्या त्याच संपलेल्या पॅकवर दीड-दोन सेकंदांत उघडलं. मामा म्हणाला, "आता बरंय. आधी काय करत होतास एवढा वेळ?"

कंपनीला दाखवलं. त्यांच्या साहेबांनी दोनदा खाली-वर करून पाहिलं आणि विचारलं, "डिझाइन कुठंय?" वाद घालायला गेलो नाही. त्यांनी पैसे त्या फोटोचेच दिले होते. जुनं पान त्यांचं त्यांना ठेवलं आणि नवं मी पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिलं, माझ्या वेळेत, माझ्या नावावर, आणि जीपीएल परवान्याखाली उघड्यावर ठेवलं. कुणीही घ्यावं, वाचावं, बदलावं, वाटावं. एवढंच, की बदलून वाटलं तर तोही कोड असाच उघडा ठेवावा.

सुरुवातीला एक घोळ मीही घातलाच. नेट नसलं तर शेवटचं पाहिलेलं पान फोनमध्ये जपून ठेवायची सोय केली होती आणि तिच्यावर खूश होतो. पण तारीख खाली कोपऱ्यात, बारीक. मामानं कालचा भाव आजचा समजून गाडी भरली. त्या व्हॉट्सॲपच्या फोटोनं केलं तेच माझ्या ११ केबीनं केलं. आता पानावर सगळ्यात मोठं अक्षर तारखेचं आहे, भावाचंसुद्धा नाही.

परवान्याची गोष्ट मामाला समजावताना मात्र मजा आली. "फुकट देतोस?" हा पहिला प्रश्न. म्हटलं फुकट नाही, मुक्त. इंग्रजीत दोन्हींना 'फ्री' हा एकच शब्द आहे, त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना १९८३ पासून जगभर फिरून हा फरक समजावत बसावं लागलंय. आपल्याकडे शब्द वेगळे आहेत, नाशिककराला तर उदाहरणही घरचं आहे. गंगापूर धरणाजवळचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ सालचं. तिथं फी भरावी लागते, फुकट काही नाही. पण वय, वर्गात हजेरी, दिवसभराचं काम यांपैकी काहीही दार अडवून उभं राहत नाही. मामीनं लग्नानंतर बारा वर्षांनी तिथून बी.ए. केलं, द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत रात्री पुस्तकं वाचून. ती आतून ओरडली, "मुक्त म्हंजे काय ते मला विचारा."

मामा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मंग घरच्या उळ्यासारखं म्हण ना."

उळं म्हणजे कांद्याचं बी. आमच्याकडे बरेच शेतकरी अजून ते घरीच धरतात. चांगले, गोल, घट्ट मानेचे कांदे निवडून पुन्हा लावायचे, त्यांना डेंगळे येतात, डेंगळ्यांना गोंडे, गोंड्यातून काळं उळं. पाहुण्यारावळ्यांत देतात-घेतात. ज्याला दिलं तो आपल्या जमिनीला मानवेल तसं त्यातून निवडत जातो, चार वर्षांत त्याचं उळं वेगळंच होतं. विकतच्या पुडीवर जो दाणा येईल तो गुमान पेरायचा. मामा पुढं म्हणाला, "एका साली गारपिटीत माझे सगळे डेंगळे झोपले. ज्याला उळं दिलं होतं त्याच्याकडूनच परत आणलं." सॉफ्टवेअरच्या परवान्यांवर मी बरंच वाचलंय. एवढं थोडक्यात कुणी सांगितलेलं नाही.

कारण नुसतं हलकं सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्याही देतात, आणि चांगलं देतात. यूट्यूब गो नावाचं ॲप २०१७ साली आपल्यासारख्या मंद नेटच्या देशांसाठीच आलं होतं, व्हिडिओ उतरवून ठेवा, किती डेटा जाईल ते आधी पाहा, शेजाऱ्याला नेटशिवाय द्या. ऑगस्ट २०२२ मध्ये ते बंद झालं. मूळ ॲप आता पुरेसं सुधारलंय, हे कारण. असेलही. पण ज्याच्या फोनला ते पुरेसं वाटत नसेल त्याच्या हातात काही उरलं नाही, कारण पुडी विकतची होती. याउलट फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं फोनसाठीची फायरफॉक्स ओएस ही कार्यप्रणाली सोडून दिली, पण तिचा कोड उघडा होता. त्यावर दुसऱ्यांनी कायओएस उभारली आणि २०१७ च्या जिओफोनमध्ये, ५१२ एमबी रॅमवर, तीच गावोगाव पोचली. मामीचा बटनांचा फोन तो. माझं पान मी त्यावरही तपासतो, बाणाच्या बटनानं खाली सरकतं का ते.

ही पारायणं मी ज्यांना ऐकवतो त्यांत सुरगाण्याकडचे एक सर आहेत. तिकडचा भाग निफाडसारखा सपाट नाही. डोंगर, नागली-वरईची खाचरं, पलीकडे गुजरातची हद्द, आणि दिवाळीनंतर अर्धा गाव दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला. २०२० साली शाळा फोनवर आल्या तेव्हा तिथली पोरं रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसायची. सरांनी मला विचारलं होतं, "नेटच नसेल तर हलकं पान घेऊन काय करू?" रास्त प्रश्न. त्यावर उत्तर म्हणून आम्ही शाळेत एक डबा बसवला. रास्पबेरी पाय नावाचा हाताच्या पंजात मावणारा संगणक, त्यात नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं किविक्स हे मुक्त सॉफ्टवेअर, आणि मेमरी कार्डावर आख्खा मराठी विकिपीडिया. त्याला मी माझ्या माळ्यावरचा जुना वायफाय राउटर जोडला, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त कार्यप्रणाली चढवून.

या ओपनडब्ल्यूआरटीचीही एक कथा आहे, आणि ती मामाच्या उळ्याच्या जवळची आहे. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आल्यावर लोकांच्या लक्षात आलं की आत लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली आहे. लिनक्स जीपीएलखाली, म्हणजे कोड दाखवणं बंधनकारक. २००३ मध्ये कंपनीनं तो दाखवला, आणि २००४ मध्ये त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटीचं काम सुरू झालं. आता ते शेकडो प्रकारच्या राउटरवर चालतं. कंपनीनं वाऱ्यावर सोडलेले राउटर त्यामुळे आणखी दहा-दहा वर्षं कामाला येतात. त्या पहिल्या राउटरची साठवण फक्त ४ एमबी होती. आख्खी कार्यप्रणाली, सगळ्या घराचं वायफाय, ४ एमबीत. माझं जुनं पान ३.४ होतं, हे मी सरांना सांगितलं नाही.

डबा लावला त्या दिवशी पोरांनी पहिल्यांदा आपल्या पाड्याचं नाव शोधलं. सापडलं नाही. मग सुरगाणा शोधलं, सापडलं, आणि वर्गात टाळ्या पडल्या. मग बिबट्या. मग बराच वेळ बिबट्याच. पहिल्या पावसाळ्यात वीज इतक्यांदा गेली-आली की मेमरी कार्ड बसलं आणि डबा मेला. कार्डावर काही लिहिलं जात असताना वीज गेली की असं होतं. दुसऱ्या कार्डाला आम्ही लिहायची मनाईच करून टाकली, नुसतं वाचायचं. तेव्हापासून डबा खोकला तरी मरत नाही.

मागच्या वर्षी सरांनी माझ्या बाजारभावाच्या पानाचा कोड घेतला. मला वाटलं नागलीचे भाव टाकतील. त्यांनी एसटीच्या वेळा टाकल्या. तिकडे रात्री येऊन गावात थांबणारी मुक्कामी गाडी आणि सकाळी शाळेच्या पोरांना नेणारी गाडी, या दोनांवर सगळा दिवस उभा असतो. वेळापत्रक सगळ्यांना पाठ आहे. गाडी आज आली की नाही, हा प्रश्न असतो. म्हणून त्यांनी प्रत्येक गाडीपुढं एक बटन केलं: 'गेली'. वरच्या गावातल्या कुणीतरी गाडी गेली की ते दाबायचं, खालच्या पाड्यांना कळतं. टेकडीवरच्या एका काडीच्या रेंजवरही तेवढं जातं. मी सतरा बाजारांचे तक्ते रचत बसलो होतो, आणि हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मी त्यांचा कोड उघडून वाचला. पान ६ केबीचं. मी जीव लावून केलेली रंगांची एक सोय, भाव चढला तर हिरवा आणि पडला तर लाल, त्यांनी सपशेल काढली होती, कारण एसटीला चढ-उतार नसतो. आणि मधे एका ठिकाणी, माझ्याच लिहिलेल्या वीस-बावीस ओळींच्या वर, त्यांनी टीप लिहून ठेवली होती: 'हे कशाला?' त्या ओळी मी पाहत राहिलो. फोन आडवा धरला तर तक्ता कसा दिसावा, त्याचं काहीतरी होतं. तक्ता आडवा धरून कोण बघतं, मला आठवेना. सरांनी त्या काढल्या नव्हत्या, नुसतं विचारलं होतं. मी माझ्याकडच्या काढल्या.

आणि ते बटन उचललं. बाजार समितीत कधी सुट्टी, कधी व्यापाऱ्यांचा बंद, आणि पहाटे गाडी जोडून गेलेला माणूस दुपारी भरल्या ट्रॉलीनं परत. भाव किती हे सांगणारे पुष्कळ आहेत. लिलाव चालू झाला का, हे सांगणारं कुणी नव्हतं. आता प्रत्येक बाजारापुढं एक बटन आहे. सगळं मिळून चाळीसएक माणसं रोज पान उघडतात, त्यातली सहा-सात मनापासून बटनं दाबतात. एकदा कुणीतरी बंदच्या दिवशी 'चालू' दाबलं, आणि दिवसभर मला तीन फोन आले. आता दोघांनी दाबल्याशिवाय चालू दिसत नाही. पान अर्धा केबी वाढलं.

काल सकाळी कॉलेज रोडला मिसळ खाताना सहज पान उघडलं. लासलगाव: चालू, ९ वाजून १२ मिनिटं. पहिलं बटन कुणी दाबलं ते मला माहीत होतं, कारण दोन मिनिटांनी त्याचाच फोन आला. मागून लिलावाचा पुकारा ऐकू येत होता. "दाबलंय मी," मामा म्हणाला, "पण पुढच्या ट्रॉलीवाला म्हणतो त्याच्याकडं उघडंना. त्याचा फोन देऊ का तुला?"